महीचं पाणी, तांब्याचा बंब आणि एस्प्रेसोचं यंत्र

वडोदऱ्याहून उत्तरेला साधारण तीस किलोमीटरवर सावली हे तालुक्याचं गाव आहे. गायकवाडांच्या इतिहासात त्याचं नाव १७३२ साली ठळकपणे येतं. त्या वर्षी डाकोरला जोधपूरच्या अभयसिंहाच्या माणसांनी पिलाजीराव गायकवाडांचा दग्याने खून केला. बरोबरच्या मराठ्यांनी त्यांचा देह मही नदी ओलांडून सावलीला आणला आणि इथेच त्यांना अग्नी दिला. पुढे १७३४ मध्ये वडोदरा गायकवाडांच्या ताब्यात आलं, ते १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत त्यांच्याकडेच राहिलं. या दोन शतकांत शिलेदार, कारकून, शास्त्री, वैद्य, गवई अशी कितीतरी मराठी कुटुंबं या मुलखात येऊन स्थिरावली. त्यांच्याबरोबर भाषा आली, सणवार आले आणि स्वयंपाकघरातली तांब्यापितळेची भांडीही आली.

त्या भांड्यांची निगा कशी राखायची हे ज्ञान मात्र पुस्तकांत फारसं लिहिलं गेलं नाही. ते आजीकडून नातीकडे आणि तांबटाकडून त्याच्या मुलाकडे जात राहिलं. आज वडोदऱ्यातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये ओट्यावर इटालियन बनावटीचं एस्प्रेसो यंत्र दिसतं. त्याचा मालक महिन्यातून एकदा त्यात यंत्र धुण्याची पावडर घालतो, दर काही महिन्यांनी बॉयलरमधले क्षार काढतो, वर्षा-दोन वर्षांनी रबराची कडी बदलतो. हे काम त्याला नवं आणि परदेशी वाटतं. प्रत्यक्षात याच मुलखातल्या घरांनी ते वेगवेगळ्या रूपांत पिढ्यान्‌पिढ्या केलेलं आहे. पाणी तापवणाऱ्या प्रत्येक घरगुती साधनाला तीनच गोष्टी छळतात: पाण्यातले क्षार, पदार्थाचा चिकट थर आणि झिजलेला वायसर. साधनं बदलत गेली, ही तीन दुखणी तीच राहिली.

सुरुवात पाण्यापासून करावी लागते. वडोदरा शहराची तहान एकेकाळी विहिरी आणि तलावच भागवत. सयाजीराव महाराजांनी १८९० च्या दशकाच्या आरंभी आजव्याच्या जलाशयाचं, म्हणजे सयाजी सरोवराचं पाणी नळाने शहरात आणलं. शहर वाढलं तशी आजव्याला महीची जोड द्यावी लागली. नदीच्या पात्रात खोल विहीर घ्यायची, तिच्यापासून वाळूच्या थरांत आडव्या नळ्या सोडायच्या आणि वाळूतून गाळून आलेलं पाणी उपसायचं, अशी ही रचना आहे. तिला 'फ्रेंच वेल' म्हणतात. अशा विहिरी फाजलपूर, रायका-दोडका आणि सावली तालुक्यातल्या पोइचा इथे आहेत. जी मही ओलांडून पिलाजीरावांचा देह सावलीला आला, तिचंच पाणी आज शहरातल्या नळांना येतं.

वाळूतून झिरपलेलं पाणी स्वच्छ असतं, पण जमिनीतून जाताना ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बरोबर घेतं. थंड पाण्यात हे क्षार विरघळलेले असतात आणि दिसत नाहीत. पाणी तापलं की त्यातली बायकार्बोनेटं मोडतात, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरलेलं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे साधी चुनखडी, भांड्याला आतून धरते. हा थर उष्णता अडवतो. खाली जाळ तेवढाच, पण पाणी तापायला वेळ जास्त. विजेच्या यंत्रात हाच थर तापणाऱ्या कांडीवर बसतो. मग उष्णता पाण्यात जात नाही, कांडी आतल्या आत तापत राहते आणि अखेर जळते.

मराठी घरात हा अनुभव पहिल्यांदा आला तो न्हाणीघरातल्या बंबात. तांब्याचं उभं पिंप, मधोमध आरपार नळी, नळीत कोळसे किंवा काटक्या, खाली राखेसाठी जाळी, वर धुराचं टोपण आणि बाजूला पितळी तोटी, अशी बंबाची ठेवण. आग मध्यभागी आणि पाणी तिच्याभोवती, त्यामुळे उष्णता वाया जात नसे. बॉयलरच तो, फक्त दाबाशिवायचा. पुण्यातल्या कसबा पेठेतली तांबट आळी असे बंब, हंडे, घंगाळं घडवण्यासाठी प्रसिद्ध होती. पेशवाईत कोकणातून आलेले त्वष्टा कासार तिथे वसले. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीने एकसारखे ठोके देत जायचे, म्हणजे पत्रा घट्ट होतो आणि त्यावर चकाकती टिंबं उमटतात. या मठारकामाचा आवाज आळीत दिवसभर घुमायचा.

बंबाच्या निगेचा पहिला नियम घरातल्या पोरालाही पाठ असे: आत पाणी असल्याशिवाय नळीत जाळ नाही. कोरडा बंब तापला तर त्याचे जोड सुटत आणि तो गळायला लागे. दुसरा नियम राख रोज काढण्याचा, कारण नळी कोंडली की आग धरत नाही आणि घर धुराने भरतं. तिसरं काम बाहेरच्या घासणीचं. चिंच, राख आणि नारळाच्या काथ्याने बंब घासला की दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला तो लाल झळकत असे. चिंचेतलं टार्टारिक आम्ल तांब्यावरचा काळा थर विरघळवतं, राख घासायला मदत करते. आतल्या क्षारांपर्यंत मात्र हात पोचत नसे. तोटीची धार बारीक व्हायला लागली किंवा पाणी तापायला फार वेळ लागू लागला, की बंब तांबटाकडे जाई.

स्वयंपाकाच्या भांड्यांची गोष्ट वेगळी होती. तिथे प्रश्न आरोग्याचा होता. पितळेच्या किंवा तांब्याच्या उघड्या भांड्यात ताक, आमटी, चिंचेचं सार ठेवलं की ते कळकायचं. आंबटाने तांबं सुटून अन्नात उतरतं, चव उग्र होते आणि पोट बिघडतं. त्यावर उपाय कल्हईचा. गल्लीच्या तोंडाशी कल्हईवाला जमिनीत छोटा खड्डा करून कोळशाची भट्टी मांडायचा, बाजूला हाताने चालवायचा भाता. घराघरांतून पातेली, तपेली, परात गोळा व्हायची.

ते काम जवळून पाहण्यासारखं असे. भांडं आधी वाळूने किंवा आम्लाच्या पाण्याने घासून काळं-हिरवं काढलेलं असायचं. मग ते पक्कडीत धरून निखाऱ्यांवर फिरवायचं. पुरेसं तापलं की चिमूटभर नवसागर आत टाकायचा. त्याचा पांढरा, नाकाला झोंबणारा धूर उठायचा आणि त्याच क्षणी धातूवरचा मळ सुटायचा, कारण नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड आणि तापल्यावर तो धातूवरचा ऑक्साइड खातो. लगेच कथलाची कांडी टेकवायची. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतं, त्यामुळे तापलेल्या पितळेवर ते पाण्यासारखं पसरतं. कापसाच्या बोळ्याने ते सपासप चारी अंगांना फिरवलं की आतला पिवळा रंग बघता बघता रुपेरी होई. मग भांडं पाण्यात, चर्र आवाज, आणि काम संपलं. हा रुपेरी थर फार पातळ असतो. रोजच्या घासणीत तो झिजतो, तळाशी पिवळं दिसू लागतं आणि कल्हईवाल्याची वाट पाहायची वेळ येते. वापराप्रमाणे वर्षातून एकदोनदा कल्हई हा घराच्या वेळापत्रकाचाच भाग होता.

याच कल्हईच्या पातेल्यांत मराठी घरातली कॉफी झाली. विसाव्या शतकात चहाने घरोघरी ठाण मांडलं तरी कॉफीचा मान वेगळा राहिला. पाहुणा आला, रात्र जागवायची असली, उपास असला की कॉफी. दूध, साखर, कॉफीची पूड आणि वर किसलेलं जायफळ, असा तिचा मराठी अवतार. ती गाळायची फडक्यातून किंवा बारीक जाळीच्या गाळणीतून. कॉफीच्या बियांत तेल असतं, ते फडक्याच्या धाग्यांत मुरतं आणि काही दिवसांनी खवट होतं. म्हणून कॉफीचं फडकं चहाच्या फडक्यापासून वेगळं ठेवायचं आणि वरचेवर उकळत्या पाण्यातून काढायचं, ही रीत अनेक घरांत कटाक्षाने पाळली जाई. कॉफीच्या कुठल्याही साधनाचं अर्धं दुखणं याच तेलाचं असतं.

दक्षिणेतल्या मराठी माणसांना ते आणखी लवकर कळलं. तंजावरला व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी होती आणि त्यांच्याबरोबर गेलेल्या कुटुंबांचे वंशज आजही तिथे घरात मराठी बोलतात. तमिळ प्रदेशातल्या या घरांनी पितळी फिल्टर स्वीकारला. वरच्या भांड्याच्या तळाशी बारीक भोकं, त्यावर कॉफीची पूड दाबून ओतलेलं उकळतं पाणी, खालच्या भांड्यात थेंब थेंब उतरणारा काढा. ही भोकं तेलाने आणि बारीक पुडीने बुजतात. तसं झालं की वरचं भांडं विस्तवावर धरायचं, म्हणजे आत अडकलेला मळ जळून जातो आणि भोकं पुन्हा मोकळी होतात. ब्रश, रसायन यांतलं काही न लागणारी ही सफाई दक्षिणेत आजही चालू आहे.

बंब आणि चूल यांच्या जागी हळूहळू रॉकेलचा स्टोव्ह आला. त्याचा जन्म स्वीडनचा. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने १८९२ मध्ये स्टॉकहोमला हा दाबाचा स्टोव्ह तयार केला आणि 'प्रायमस' या नावाने तो जगभर गेला. भारतात पितळी टाकीचे असे स्टोव्ह शहरांतल्या घराघरांत पोचले. टाकीत रॉकेल, वर बर्नर, बाजूला पंप. स्पिरिटवर बर्नर तापवायचा, पंप मारायचा, मग रॉकेलची वाफ बारीक भोकातून फुसफुसत बाहेर येई आणि निळी ज्योत धरे.

स्टोव्हने घराला दाब म्हणजे काय ते शिकवलं. भोकात काजळी अडकली की ज्योत पिवळी पडे आणि पातेल्यांची बुडं काळी होत. म्हणून प्रत्येक स्टोव्हशेजारी पिन असायचीच: पत्र्याच्या पट्टीला लावलेली केसाएवढी तार. पंप हलका लागला, हवा धरेना, की सगळ्यांना कारण माहीत असे: आतला चामड्याचा वायसर वाळला. पंपाचा दांडा काढायचा, वायसरला खोबरेल तेल चोळायचं, कडा जरा बाहेर पसरवायच्या आणि परत बसवायचा. तेवढ्याने भागलं नाही तर दारावरून 'स्टोव्ह रिपेअर' अशी हाळी देत जाणारा कारागीर होताच. त्याच्या पेटीत वायसर, निपल, बर्नर, कथील आणि डाख देण्याचं साहित्य असे. दाबाखालच्या साधनातली मऊ कडी झिजणारच, ती बदलायची असते आणि तिला तेलपाणी लागतं, हे या काळातल्या माणसाला सांगावं लागत नसे.

१९६५ मध्ये वडोदऱ्याजवळ कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. पुढच्या दोन-तीन दशकांत स्वयंपाकाचा गॅस शहरातल्या ओट्यांवर पसरला. त्याच सुमारास स्टेनलेस स्टील आलं आणि कल्हईची गरजच संपली. पितळी पातेली मोडीत गेली, न्हाणीघरात विजेचा गीझर बसला. बंब कुठे माळ्यावर गेला, कुठे दिवाणखान्यात शोभेला उभा राहिला. उरलेल्या तांब्यापितळेची बाहेरची झळाळी राखायला १९८९ मध्ये ठाण्यात सुरू झालेल्या पितांबरीची भुकटी आली. आतली कल्हई मात्र मागे पडली. दारावर येणारे दोन्ही कारागीर दिसेनासे झाले आणि त्यांच्याबरोबर वस्तू खोलून, साफ करून, पुन्हा जोडण्याची घरातली सवयही कमी झाली.

'एस्प्रेसो' हे नाव बहुसंख्य मराठी आणि गुजराती माणसांनी पहिल्यांदा ऐकलं ते लग्नाच्या मांडवात. जेवणाच्या रांगेशेजारी एक चकचकीत उभा बॉयलर, त्यावर दाबाचा काटा, बाजूला वाफेची नळी. मगमध्ये झटपट कॉफीची पूड, साखर आणि दूध घ्यायचं, नळी आत बुडवायची, चावी फिरवायची. कानठळ्या बसवणारा आवाज, फेसाचा डोंगर आणि वर कोकोची चिमूट. इटालियन माणसाने या पेयाला एस्प्रेसो म्हटलं नसतं, कारण यात कॉफी दाबाने काढलेली नव्हती, फक्त दूध वाफेने तापवलेलं होतं. पण मांडवातली ती कॉफी थंडीच्या लग्नांत पाहुण्यांची आवडती होती आणि वाफेच्या नळीची निगा काय असते, हे पहिल्यांदा शिकले ते ती चालवणारे आचारी. चावी बंद केल्यावर नळीतली वाफ थंड होऊन आकसते, आत पोकळी होते आणि ती बाहेरचं दूध वर ओढते. ते दूध आत वाळलं की नळीचं तोंड बुजतं, शिवाय वासही येतो. म्हणून दूध झाल्याबरोबर नळी ओल्या फडक्याने पुसायची आणि क्षणभर वाफ मोकळी सोडायची. हाच नियम आज घरच्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेत असतो.

खऱ्या एस्प्रेसोचा इतिहास वाफेपासून सुरू होतो आणि वाफेला बाजूला सारून पूर्ण होतो. १८८४ मध्ये तुरिनच्या प्रदर्शनात आंजेलो मोरिओंदो याने वाफ आणि पाणी वापरून भराभर कॉफी करणारं यंत्र मांडलं. मिलानच्या लुइजी बेझेरा याने १९०१ मध्ये एका वेळी एक कप काढण्याच्या रचनेचं पेटंट घेतलं. मुठीला लावलेली गाळणी, तीत दाबून भरलेली पूड आणि वर यंत्राचं तोंड ही ठेवण तिथपासूनची. देसिदेरिओ पावोनी याने ते हक्क विकत घेतले आणि १९०५ पासून यंत्रं बाजारात आणली. या यंत्रांत दाब जेमतेम दीड बारचा आणि पाणी जवळजवळ उकळतं, त्यामुळे कॉफी करपट लागे.

तो करपटपणा घालवला तो मिलानच्याच आकिले गाजिया याने. त्याने १९३८ मध्ये पहिलं पेटंट मागितलं, आणि युद्धानंतर स्प्रिंगच्या दांड्याने चालणारं यंत्र आणलं. दांडा ओढायचा, सोडायचा. स्प्रिंग दट्ट्याला खाली ढकलते आणि पाणी आठ-नऊ बार दाबाने पुडीतून जातं. कपावर पहिल्यांदा सोनेरी फेसाचा थर आला, त्यालाच क्रेमा म्हणतात. पण दट्ट्या आला तशा त्याच्या कड्याही आल्या. या कड्यांना वंगण लागतं, त्या झिजतात, आणि झिजल्या की पाणी बाजूने गळतं. स्टोव्हच्या पंपातल्या वायसरचाच हा भाऊबंद. फरक इतकाच की इथे चामड्याच्या जागी रबर आणि खोबरेल तेलाच्या जागी अन्नाला चालणारं सिलिकॉनचं वंगण.

१९६१ मध्ये फाएमा कंपनीने ई-६१ हे यंत्र आणलं. त्या वर्षीच्या सूर्यग्रहणावरून त्याचं नाव पडलं. एर्नेस्तो वालेंते याच्या या यंत्रात हाताच्या दांड्याची जागा विजेच्या पंपाने घेतली. कॉफी काढून झाल्यावर उरलेला दाब खालच्या झडपेतून बाहेर सोडण्याची सोयही त्यात होती. दाब उलटा सुटतो तेव्हा कॉफीचं तेल आणि बारीक पूड त्या झडपेच्या मार्गात ओढली जाते. यंत्राची जी सफाई आज 'बॅकफ्लश' नावाने ओळखली जाते, ती या झडपेमुळेच शक्य झाली आणि तिच्यामुळेच आवश्यकही झाली.

बॅकफ्लश करताना गाळणीच्या जागी बिनभोकाची वाटी बसवतात आणि तीत यंत्र धुण्याच्या पावडरीची चिमूट टाकतात. पंप सुरू केला की पाण्याला पुढे जायला वाट नसते, दाब चढतो, पंपाचा आवाज जड होतो. दहा सेकंदांनी बटण बंद करायचं, की तोच दाब झडपेतून मागे वळतो आणि खालच्या ताटलीत तपकिरी, तेलकट पाणी उसळतं. पाच-सहा वेळा तसं केलं की पाण्याचा रंग फिका होत जातो. शेवटी पावडरीशिवाय आणखी पाच-सहा वेळा, पाणी नितळ येईपर्यंत. पहिल्यांदा हे करणाऱ्याला त्या तपकिरी पाण्याचा वास घेतल्यावर कळतं, की कॉफी कडू का लागत होती. ज्या यंत्रात ही झडप नाही, त्यात बॅकफ्लश करू नये. तिथे अडकलेला दाब सुटत नाही आणि मूठ काढताना गरम पाणी अंगावर उडू शकतं. दांड्याची यंत्रं आणि पुष्कळशी स्वस्त घरगुती यंत्रं या वर्गात येतात. तिथे वरची जाळी स्क्रू काढून सोडवायची आणि कोमट पाण्यात पावडरीत भिजवायची.

घरासाठीची यंत्रं इटलीत १९५० च्या दशकापासून होती; पावोनीच्या 'युरोपिकोला' या दांड्याच्या छोट्या यंत्राने १९६० च्या दशकात ती लोकप्रिय केली. त्याआधीच १९३३ मध्ये अल्फोन्सो बियालेत्तीची अ‍ॅल्युमिनियमची मोका किटली इटलीच्या स्वयंपाकघरात पोचली होती. भारतात वाट जरा लांबून आली. कॉफीचा प्रचार करणाऱ्या सरकारी समितीने १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाउस उघडलं. १९९६ मध्ये बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर पहिलं कॅफे कॉफी डे आलं. २०१२ च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या हॉर्निमन सर्कलला स्टारबक्स उघडलं. कॅफेत चव लागलेल्या पिढीने पुढे यंत्र घरी आणलं.

आणि इथे पुन्हा पाणी आडवं येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. अमेरिकेतल्या स्पेशॅलिटी कॉफी संघटनेने कॉफीसाठी सुचवलेला कॅल्शियमचा कठीणपणा ६८ च्या आसपास होता, आणि १७ ते ८५ ही तिने मान्य केलेली कक्षा. म्हणजे माणसाला निर्धोक असलेलं पाणी यंत्राला जड जाऊ शकतं. कूपनलिकेचं पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत तर हा प्रश्न आणखी तीव्र होतो.

त्यावर घरातला सरळ उपाय आरओचं पाणी वाटतो, पण तोही अर्धाच बरोबर. क्षार जवळजवळ नसलेलं पाणी धातूला चावतं आणि कॉफीही त्यात सपक उतरते. काही यंत्रांत पाण्याची पातळी ओळखणारी कांडी पाण्यातून जाणाऱ्या विजेवर चालते. अगदी शुद्ध पाण्यातून ती वीज नीट जात नाही. मग टाकी भरलेली असूनही यंत्राला ती रिकामी वाटते. मधला मार्ग म्हणजे आरओच्या पाण्यात नळाचं थोडं पाणी मिसळायचं किंवा टाकीत पाणी मऊ करणारी पिशवी ठेवायची. कठीणपणा मोजायच्या कागदी पट्ट्या मिळतात. त्यांच्या रंगावरून मिश्रणाचं प्रमाण ठरवता येतं.

क्षार काढण्यासाठी घरोघरी सायट्रिक आम्ल वापरलं जातं. चिंच ज्या न्यायाने तांबं उजळते, त्याच न्यायाने ते चुनखडी विरघळवतं. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. फार तीव्र द्रावण फार गरम करून वापरलं तर कॅल्शियम सायट्रेटचे कण तयार होतात, आणि ते गरम पाण्यात सहज विरघळत नाहीत. थर काढायला जावं आणि दुसरा साका बसावा असं होतं. दुसरं, अ‍ॅल्युमिनियमच्या बॉयलरला आम्ल खातं, म्हणून तिथे निर्मात्याने सांगितलेलंच औषध वापरावं. मोठ्या, दोन बॉयलरच्या यंत्रांबद्दल काही निर्माते घरी क्षार काढूच नका असं सांगतात, कारण सुटलेले तुकडे झडपांत अडकतात. अशा यंत्राला मऊ पाणी आधीपासून देणं हाच इलाज.

मूठ जिथे अडकते तिथली रबराची कडी उष्णतेने कडक होत जाते. मूठ नेहमीपेक्षा जास्त फिरवावी लागली, कडेने पाणी ठिबकलं, की ती बदलायची वेळ झालेली असते. जुनी कडी कधी कधी इतकी वाळते, की ती स्क्रूड्रायव्हरने तुकडे तुकडे करून काढावी लागते. कॉफी दळायच्या यंत्रात पाणी घालायचं नसतं. तिथे कोरडा ब्रश आणि पाती सोडवून पुसणं एवढंच. हे सगळं मिळून महिन्याला तासाभराचंही काम नाही.

सावली तालुक्यात आज मांजूसरची औद्योगिक वसाहत आहे, आणि सावलीच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यातून दिल्ली मेट्रोचे डबे निघाले, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडसाठी सहा-सहा डब्यांच्या ७५ गाड्याही तिथेच बांधल्या गेल्या. ज्या तालुक्यात असे कामगार आणि इंजिनियर राहतात, तिथे ठरल्या वेळी भाग बदलायचा, बिघडण्याची वाट पाहायची नाही, हे तत्त्व कुणाला समजावून सांगावं लागत नाही. घरातल्या यंत्रापर्यंत ते पोचलेलं नाही, एवढंच. पूर्वी ते दारावर येणाऱ्या कारागिराच्या हाळीने पोचत असे. आता घरमालकालाच आपला कल्हईवाला आणि आपला स्टोव्हवाला व्हावं लागतं.

म्हणून एस्प्रेसोचं यंत्र घेऊ इच्छिणाऱ्याने किमतीआधी दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत. रबराची कडी आणि जाळी वडोदऱ्यात मिळते का, की बाहेरून मागवावी लागते? बॉयलर कोणत्या धातूचा आहे? उलटा दाब सोडणारी झडप त्यात आहे का? चौथा प्रश्न स्वतःच्या घराला: नळाला येणाऱ्या पाण्याचा कठीणपणा किती? या चार उत्तरांवर यंत्र दोन वर्षं चालेल की पंधरा, ते ठरतं, आणि चौथ्याचं उत्तर यंत्र घरी येण्याआधीच एका कागदी पट्टीने मिळवता येतं.